पाण्याच्या रेघेखालचे मासे

टप्.

रिकाम्या खोलीत आवाज झाला आणि तिने दचकून मान वळवली. कालच लावलेल्या रंगाचा पापुद्रा सुटून फरशीवर पडला होता. पाठोपाठ आणखी एक. टप्.

वादळाने पत्रे उडाले, नाल्याचं पाणी कमरेपर्यंत घरात शिरलं, त्याला महिना झाला होता. पत्रे नवे बसले होते, पण खराब झालेल्या भिंतींपायी सगळ्यांचा मुक्काम अजून नणंदेकडेच. तिच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली. पण पाणी ओसरल्यापासून ब्रशला हात लावला नव्हता. लेकीच्या घरी गप्प बसून असायचे. म्हणून तिने कामावरून येताना इथे थांबून, कुणाला न सांगता, एक भिंत स्वतःच रंगवून टाकली होती.

"कुणाचा हा पराक्रम?"

दारात आप्पा. तिच्या पाच वर्षांच्या टिकलीने आजोबांना बोटाला धरून ओढत आणलेलं.

"माझाच," ती पुटपुटली.

आप्पांनी बोटाने भिंत ठोकून पाहिली आणि एकदम हसत सुटले. महिन्याभरात पहिल्यांदा.

"अगं सूनबाई, भिंत अजून प्यायलेली आहे! तिची उतरू तरी दे!"

मग त्यांनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवला. "सकाळी याला आतून घाम दिसला तर भिंत ओलीच, थांबायचं. आणि तोवर खरवड आता सगळं."

रोज सकाळी घाम दिसे. ती खरवडत राही. पापुद्र्यांखालून बँकेचा हिरवा निघाला, मग दवाखान्याचा निळा. आप्पांच्या घराला कायम दुसऱ्यांकडचा उरलेला रंग.

"तुझ्या सासूबाई म्हणायच्या, धडधाकट माणसाला दवाखान्यात झोपवता तुम्ही!"

"मग यंदा तुम्ही निवडा. अख्खा नवा डबा आणू."

आप्पा तासभर शेड कार्ड उलटत बसले. "लोकांना मिनिटात सांगायचो मी," ते ओशाळून म्हणाले आणि शेवटी लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्यावर बोट ठेवलं.

टिकली मात्र कामात बुडालेली. पाण्याने भिंतीवर सोडलेल्या मातकट रेघेच्या खाली ती पेन्सिलीने मासे काढत होती. एकही मासा रेघेच्या वर नाही.

"वर पाणी नव्हतं ना, आई!"

अकराव्या सकाळी प्लास्टिक कोरडं ठणठणीत. तिने आनंदाने टाळ्याच वाजवल्या. आप्पांनी बाह्या सारल्या, शिडी मांडली आणि वरून खाली असा पहिला हात मारत आले. दुपारपर्यंत रेघ रंगात बुडाली. मग आप्पा गुडघ्यांवर बसले आणि एकेक मासा पिवळ्यात जाऊ लागला. शेवटच्यापाशी मात्र त्यांचा हात अडला. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

टिकली तिच्या पदराशी येऊन उभी राहिली.

"आई, भिंत कोरडी झाली म्हणून तुम्ही सगळे खूश आहात. मग आता माझे मासे कुठे राहणार?"