अकरा कॅसेटी आणि एक शुक्रवार

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. तळहाताएवढा, काळा आणि जरासा शिष्ट. १९९१ साली आखातातल्या मनामाच्या बाजारात रहिमतुल्लाभाईंनी मला घेतलं, तेव्हा दुकानदाराने माझी एवढी तारीफ केली की ती अजून माझ्या डोक्यातून उतरलेली नाही.

भाई एका व्यापारी पेढीत कारकून, त्यांची बायको आबिदा मोठ्या इस्पितळात सिस्टर. मला आणलं ते श्रीवर्धनला बोलकी पत्रं पाठवायला. अदलिया भागातल्या आमच्या दोन खोल्यांत दोघं माझ्यासमोर बसून कॅसेट भरायची आणि गावी निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत कोंबायची. महिन्याभराने तीच कॅसेट परत यायची, आमचं पत्र पुसून त्यावर आबिदाच्या आईचं उत्तर भरून. त्यात तिचा खोकलाही ऐकू यायचा, की लगेच आबिदा औषध सांगायला बसायची. काय गोड दिवस होते ते! आठवलं की अजून जीव हळवा होतो.

१९९५ मध्ये आबिदाला वॉर्डातून काढून एका अभ्यासाच्या कामाला लावलं. देशोदेशांतून आलेल्या नर्स दोन वर्षांत नोकरी का सोडतात, ते शोधायचं आणि धोरण सुचवायचं. राजीनाम्यांच्या फायलीत सगळीकडे एकच कारण होतं, ‘घरगुती अडचण’. इस्पितळाचे साहेब म्हणाले, बायकांना घरची ओढ, दुसरं काय! एकदा आबिदानेही रागाच्या भरात राजीनामा लिहिला होता, त्यात हेच कारण घातलं होतं, आणि तेव्हा घरी सगळं सुरळीत होतं.

तेव्हापासून मी तिच्या पर्समध्ये, नर्सचं बोलणं टिपायला. पण माझा लाल दिवा लागला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. हमद टाउनच्या एका खोलीत म्हसळ्याहून आलेल्या नर्स हुस्नाने तर मला उलटंच करून ठेवलं.

“आपा, ह्यो बंद करा. माझा आवाज वलखतील. विसा गेला तर मी काय करू?”

“माझ्याशिवाय कोनी ऐकनार नाय. जबान दिली तुला,” आबिदा म्हणाली.

मग हुस्ना चाळीस मिनिटं बोलली. मध्येच रडली, पाणी प्यायली, “चालू हाय ना?” म्हणून विचारलं आणि पुन्हा बोलू लागली. तिच्यानंतर केरळची लीना हिंदीत बोलली, मग आणखी नऊ जणी. आठ महिन्यांत अकरा कॅसेटी भरल्या. माझी छाती नुसती फुगून गेली होती.

अहवाल साहेबांना फार आवडला. नर्सच्या धोरणासाठी नवीन विभाग निघणार होता, त्याची प्रमुख आबिदाच, असं त्यांनी सांगून टाकलं. फक्त शनिवारच्या सभेत टेप वाजवायच्या, पुरावा म्हणून. सभेला त्या नर्सचे वरिष्ठही बसणार होते.

“दे ना मग,” भाई म्हणाले. “नावं कुठं हायत त्यांच्यावर?”

“आवाज हाय ना.”

“बारा वर्षं तू अशाच जागेची वाट बघत व्हतीस.”

“व्हते,” आबिदा म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

शुक्रवारी सकाळी तिने मला ओट्यावर ठेवलं, पहिली कॅसेट घातली आणि माझी दोन बटणं एकदम दाबली. जुन्यावर नवीन भरायची ती बटणं. मी ते पत्रांसाठी शेकडो वेळा केलं होतं, पण त्या दिवशी माझ्या जिवाचं पाणी झालं. एका बाईने कांदा चिरावा आणि तेवढ्यात अकरा जणींचं बोलणं पुसलं जावं! हुस्नाची कॅसेट आली तेव्हा आबिदाने माझ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग दाबलंच. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत हे चाललं होतं. मला तिचा फार राग आला होता.

शनिवारी साहेबांनी सगळ्यांसमोर मला सुरू केलं. कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ भाई म्हणाले, “मीठ कमी हाय गो.” कुणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत.

“त्यांना मी शब्द दिला होता, सर. आकडे अहवालात आहेत,” आबिदा म्हणाली.

ती जागा दुसऱ्याला मिळाली. अहवालातली एकच सूचना मान्य झाली, गरोदर नर्सला रात्रपाळी द्यायची नाही. आबिदा वॉर्डात परतली. अहवालाच्या झेरॉक्स मात्र हातोहात फिरल्या. पुढे परदेशांतल्या सभांना तिला बोलावणी आली आणि ती वही घेऊन जाऊ लागली. मी घरीच राहिलो.

आता १९९९ उजाडलंय. माझं बटण अडकतं, आतला पट्टा सैल झालाय, मुक्काम खणात. गेल्या महिन्यात हुस्ना आली होती, दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन. खण उघडा होता, तिने मला ओळखलं.

“आपा, तवा मी काय काय बोलले गो?”

आबिदाने पोरीच्या हातात बिस्कीट दिलं. “मना काय बी आठवत नाय,” ती म्हणाली.

तिला शब्दन् शब्द आठवतो. तिचा चेहराच सांगत होता. खरोखर विसरलोय तो मी. तेव्हा उद्या कुणी मला दुरुस्तीला नेलंच, तर बटण नीट करा, पट्टा बदला. पण त्या कुकरच्या शिट्टीखाली काय होतं, ते मला विचारू नका.