आंदणात दिलेले शेअर

दुर्गहून हथखोजकडे जाताना बिअरचा एक कारखाना लागत असे. भिलाईत पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहण्याच्या आधीपासून तो चालत आला होता, आणि रशियन इंजिनीयर आल्यापासून तर त्याची भरभराटच झाली होती. संस्थापक दीनानाथराव दुर्गच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांनी एक रीत घालून दिली होती : कामगाराच्या लेकीचे लग्न ठरले, की कारखान्याकडून नवरीच्या नावाने शेअर द्यायचे. भंडारा-बालाघाटाकडून आलेल्या त्या कुणबी, तेली कुटुंबांत भांड्याकुंड्यांबरोबर हे कागदही आंदणात जाऊ लागले, आणि बापांच्या मिशांना पीळ चढू लागला.

दीनानाथराव वारले आणि कलकत्त्याच्या एका बड्या कंपनीची नजर कारखान्यावर पडली. तिला इथे बिअर करायची नव्हती. तिला परवाना हवा होता आणि स्पर्धक नको होता. दीनानाथरावांच्या मुलांनी विकायला नकार दिला, तेव्हा कंपनीचे दलाल घरोघर हिंडून शेअर आणि मुखत्यारपत्रे गोळा करू लागले. वार्षिक सभेत त्यांचे बहुमत झाले, की फाटकाला कुलूप पडणार, हे उघड होते.

"मी जिवंत असेपर्यंत कुलूप पडू देणार नाही," असे गुलाबरावांनी फाटकावर उभे राहून सांगितले. ते कामगार संघाचे चिटणीस, नगरपालिकेचे सदस्य, आणि वादात कुणाला हार न जाणारे गृहस्थ. शब्द दिला, तो पाळण्यासाठी त्यांनी रान उठवले. नगरपालिकेत ठराव झाला, दुर्गच्या रस्त्यांवरून मोर्चा निघाला, शिष्टमंडळ भोपाळला गेले. तिथे खादीधारी मंत्री हसत म्हणाले, "अहो गुलाबराव, परवाच मी दारूबंदीवर भाषण केलं. आज बिअरसाठी अश्रू गाळू?"

"साहेब, प्रश्न बिअरचा नाही. बाहेरच्या पैशानं आमच्या गावचा धंदा मारायचा की नाही, हा आहे."

"मग एखाद्या चांगल्या धंद्याचं निमित्त घेऊन या!"

रित्या हातांनी ते परतले. त्या संध्याकाळी फाटकावरच्या सभेत बाटल्या धुणाऱ्या बेबीताई उठल्या.

"मंत्र्याचे पाय कावून धरता, भाऊ? अर्धे शेअर आपल्याच पोरींजवळ हायेत. दलाल त्यायच्या दारात बसून राहिले, अन् आपण भोपाळले जातो! जा ना, सह्या घेऊन या."

जव भिजवण्याच्या खात्यातला नत्थू खाली मान घालून म्हणाला, "ताई, पोरीच्या सासरचं आपण पाणी पीत नाही. दिलेल्या आंदणावर सही कोन्त्या तोंडानं मागाव? जावई म्हणन, सासरा देऊन वापस घेऊन राहिला."

"मंग राह्य उपाशी, इज्जत चाटत!"

सगळ्यांनी गुलाबरावांकडे पाहिले. मंत्र्याशी वाद घालणाऱ्या त्या माणसाने घसा खाकरला आणि म्हटले, "आपल्या लेकी समजदार आहेत. त्यांना सांगावं लागणार नाही." बापांना हायसे वाटले. टाळ्यासुद्धा पडल्या.

तरी मन खाऊ लागले, म्हणून ते एकटेच गोंदियाला लेकीकडे गेले. सत्यभामेने पाट मांडला. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत जावई हिरालाल सायकलची चेन पुसत होता, आणि त्याचे कान इकडेच होते.

"बसा ना बाबा. अचानक कसे आले?"

"सहज. इकडं काम होतं."

"कारखान्याचं काय म्हणतात?"

"चाललंय."

सत्यभामा जरा जवळ आली. "ते कंपनीवाले येऊन गेले. तुमच्या जावयाचं म्हणणं, देऊन टाकू. मी म्हटलं, बाबा काय म्हणतात ते पाहू."

याहून अधिक कुठली लेक काय बोलणार? शब्द गुलाबरावांच्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात आतली चेन थांबली. हिरालाल ऐकत होता. आणि गुलाबराव म्हणाले, "तुह्या घरचं तुमी पाहा. बापानं त्यात बोलू नये."

परतीच्या गाडीत, आपण कसे ताठ मानेने वागलो, याचे त्यांना समाधानच वाटले.

दुर्गच्या टाऊन हॉलमध्ये सभा भरली. कंपनीच्या वकिलाने एकेक मुखत्यारपत्र वाचायला घेतले. तुळसाबाई, कौशल्या, कमला... लेकींची नावे सासरच्या आडनावांसह ऐकू येऊ लागली, आणि एकेका बापाची मान खाली गेली. आपली लेक तेवढी तशी नाही, असे प्रत्येकजण धरून चालला होता. 'सत्यभामा' हे नाव उच्चारले गेले तेव्हा गुलाबराव टेबलाकडे पाहत राहिले. हरकत घेण्यासाठी तयार केलेले भाषण त्यांनी केलेच नाही.

कुलूप पडले. हौदांत मुरत असलेला माल नाल्यात सोडला गेला, आणि तो सोडण्याचे काम शेवटची मजुरी म्हणून कामगारांनाच देण्यात आले. नंतर यंत्रे मालगाडीत चढली. माणसे पोलाद कारखान्याच्या ठेकेदारांकडे विटा वाहू लागली, गुलाबरावही.

पोळ्याला सत्यभामा माहेरी आली. चुलीपुढे बसलेल्या बापाचे सोललेले खांदे तिने पाहिले.

"एकदा बोलले असते तर मी अंगठा दिला नसता, बाबा. नवऱ्याशी भांडली असती."

"लेकीच्या दारात हात पसरू?"

"मंत्र्याच्या दारात पसरला तवा लाज वाटली नाही, माह्या दारात वाटली?"

गुलाबरावांनी चुलीतले लाकूड पुढे सारले.

बाहेरून नत्थूने हाक मारली. "भाऊ, ठेकेदारानं यादी काढली, उद्यापासून आमाले नको म्हणून राहिला. चला ना, तुमी बोला त्याच्याशी."

गुलाबराव सवयीने उठले, पायांत चपला सरकवल्या. मग दाराशी थांबून त्यांनी नत्थूला सांगितले, "माझंही नाव त्या यादीतच आहे रे."