भिंतीची यादी

महांतेशअप्पांनी भिंतीकडं बोट करून सांगितलं होतं, "हितं कपिलधारचा धबधबा. बास. दुसरं काई न्हाई." हे ऐकून ईश्वरी इतकी हरखली की तिनं कागदावर काहीच लिहून घेतलं नाही. चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन तिला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत तिनं शाळांच्या भिंतींवर पाढे रंगवले, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शौचालयाचे फायदे रंगवले, आणि दवाखान्यांतून बाळाला पाजणारी आई तर इतक्या वेळा काढली की ते बाळ एव्हाना शाळेत जायला हवं होतं. नुसतं पाणी काढ, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

अप्पांचं सिरसाळ्यात सिमेंट-लोखंडाचं दुकान. दुकानामागं त्यांनी नवं घर बांधलं आणि बैठकीतली चौदा फुटांची भिंत चित्रासाठी कोरी सोडली. ईश्वरी परळीची. तिनं स्कुटी काढली आणि आधी दोन दिवस कपिलधारला जाऊन बसली. पाणी कुठं फुटतं, कुठं नुसतं ओघळतं, दगडावर शेवाळ कुठवर चढलंय, सगळं वहीत उतरवून आणलं. या चित्राखाली आपण आपलं नाव घालायचं, असं तिनं ठरवून टाकलं. पाढ्यांखाली कुणी नाव घालत नाही. हे मात्र आपलं म्हणून सांगता येईल असं पहिलं चित्र होणार होतं, आणि त्यासाठी ती जीव टाकत होती.

सहाव्या दिवशी पाणी भिंतीवर उतरलं. अप्पा दुकानातून आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "लई झ्याक! आता तेवढं एक कर. कोपऱ्यात आमच्या वडलांना बसीव."

आता मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आपल्याकडं ती रीतच नाही. ईश्वरीनं "बरं" म्हटलं आणि वडील बसवले. चूक झाली ती इथं.

दुसऱ्या दिवशी अप्पांचे धाकटे भाऊ सोमलिंग आले. वडलांना बघून त्यांनी हात जोडले, डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "आन आई?" आई बसवली. मग आईवडलांच्या पायाशी हात जोडून अप्पा उभे राहिले. मोठा मुलगा म्हणून तो त्यांचा हक्कच होता. मग सोमलिंग जेवले नाहीत. कावून जेवत न्हाईत, असं चारदा विचारल्यावर म्हणाले, "आमी काय दत्तक गेलतो का?" सोमलिंग आले. भाऊ आले म्हटल्यावर जावई केदारनाथ कसे राहतील? ते तर गॉगल लावून आले, आणि गॉगलात धबधबा दिसायला पाहिजे, अशी त्यांची अट होती.

दर वेळी सुरुवात "तेवढं एक" अशीच व्हायची आणि ईश्वरी दर वेळी "बरं काका" म्हणायची. वडीलधाऱ्यांना तोंडावर नकार द्यायचा नसतो, हे तिला घरून पाजलेलं होतं. घरी गेली की मात्र ती उशीवर डोकं आपटायची. बाराव्या दिवशी भिंतीवर सात माणसं, एक नंदी आणि दुकानाची पाटी झाली, आणि त्यांच्या मधून पाण्याची हातभर रुंद पट्टी कशीबशी खाली येत होती. गिलावा बघायला आलेला गवंडी बराच वेळ चित्राकडं बघत राहिला आणि म्हणाला, "टाकी लीक हाय का वर?"

त्या दिवशी ईश्वरी परळीला पोचली ती रडतच. शेजारच्या मोहनरावकाकांनी तिला फाटकातच अडवलं. मोहनराव म्हणजे तालुक्यातला सोयरिकी जुळवणारा माणूस. वधूकडचे असोत, वराकडचे असोत, देण्याघेण्याची बैठक त्यांच्याशिवाय उठत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "यादी केलतीस का?"

"कशाची यादी, काका?"

"आगं, लगीन म्हनलं की यादी न्हाई का करत आपून? भांडी कोन देनार, मांडव कुनाचा, वऱ्हाड किती, मानाचे आहेर किती. समदं लिवायचं, चारी कोपऱ्यांना हळदकुकू लावायचं, मोठ्यानं वाचायचं आन पाच जनांच्या सह्या घ्यायच्या. त्याच्यानंतर कितीबी हावरा सोयरा आसला तरी त्वांड उघडत न्हाई. यादीभाहीर मागितलं तर गावात इज्जत जाती. तू बिनयादीची पोरगी नांदायला धाडलीस."

"पण चित्राची कुठं यादी असते?"

"रविवारी सकाळी मी येतो तुझ्याकडून," मोहनराव म्हणाले. "तुझ्या अप्पांना सांग, बैठक हाय."

बैठक म्हटल्यावर अप्पांना फार आनंद झाला. त्यांच्या घरातली लग्नं उरकून चार वर्षं झाली होती आणि बैठकीवाचून त्यांना करमत नव्हतं. त्यांनी सतरंजी अंथरली, पानाचं तबक ठेवलं, सोमलिंगांना बीडहून आणि जावयांना अंबाजोगाईहून बोलावून घेतलं. आतून अप्पांच्या पत्नी दानम्मा चहा पाठवत राहिल्या. मोहनराव फेटा बांधून आले होते. त्यांनी पाढा वाचावा तसं लिहायला सुरुवात केली. "भिंत एक. लांबी चवदा फूट. पोरगी आमची, घर तुमचं. बोला, कुनाचं काय मागनं हाय?"

जावयांना पहिला मान. केदारनाथ खाकरले. "माझ्या मागं आमची नवी गाडी पायजे. पांढरी."

"लिवतो की. गाडी एक, पांढरी." मोहनरावांनी खरंच लिहिलं आणि वर बघितलं. "गाडीला पाच फूट जागा लागती. आता गाडीखाली कोन जानार, तेबी सांगा."

सगळे भिंतीकडं बघायला लागले. जावयांच्या शेजारी सोमलिंग होते.

"म्हंजे? मी जायाचं गाडीखाली?" सोमलिंग ताडकन उठले. "दादा, हे ऐकायला बोलावलंत का मला?"

"बसा बसा. तुमी न्हाई तर मंग नंदी."

"नंदी देवाचा हाय!" अप्पा ओरडले.

"मंग वडील?"

मोहनराव शांतपणे पेन धरून बसले. देण्याघेण्यात मुरलेला माणूस, गप्प बसायचं कधी ते त्याला बरोबर कळत होतं. अप्पांनी आपलं मागणं सांगितलं, दुकानाला नवं शटर बसवलंय तेही यावं. शटर लिहिलं गेलं, आणि शटराखाली केदारनाथांचे पाय गेले. केदारनाथ म्हणाले, बिनपायाचा जावई कसा दिसेल? सोमलिंग खदाखदा हसले. अप्पांनी जावयांना हसल्याबद्दल भावाला झापलं. सोमलिंग "आमचा मानच न्हाई ह्या घरात" म्हणत चपला घालून दारापर्यंत गेले आणि रिवाजाप्रमाणे कुणीतरी हात धरून परत आणेल म्हणून उंबऱ्यावर थांबले. ईश्वरीच गेली आणि त्यांना घेऊन आली. इतके दिवस हे सगळं ती एकटीच गिळत होती. आता तेच भांडण त्यांच्यात त्यांनाच करावं लागत होतं आणि तिला, खोटं कशाला बोला, फार मजा येत होती.

तासाभरात यादी पानभर झाली. मोहनरावांनी ती खणखणीत आवाजात वाचून दाखवली. जेवढं यायचं होतं तेवढं मावायला अजून एक भिंत लागत होती. मग त्यांनी शेवटची ओळ मोकळी सोडली आणि चष्मा वर केला.

"आता वरमाईचं लिवायचं ऱ्हायलं. त्येच्याशिवाय यादी पुरी होत न्हाई. बोलवा बाईंला."

"तिचं काय आसनार?" अप्पा म्हणाले. पण रीत ती रीत. दानम्मांना हाक गेली.

दानम्मा पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. गुडघ्यांनी दमलेल्या, साठीच्या, कपाळावर विभूती. ईश्वरीच्या एकदम लक्षात आलं की बारा दिवस या बाईनं आपल्याला दिवसातून तीनदा चहा दिला, आपण घरातल्या झाडून सगळ्यांची मर्जी विचारली, आणि हिलाच विचारलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

"बोला काकू," मोहनराव म्हणाले. "भिंतीवर काय पायजे तुमाला?"

दानम्मांनी भिंतीकडं बघितलं. "धबधबा म्हनलं व्हतं म्या."

"तुमी?" ईश्वरीनं विचारलं.

"मंग? ह्यांला कुठलं सुचायचं." "लगनानंतरच्या कार्तिकात गेलते बघा कपिलधारला. समदी न्हायला गेली. मी डबे सांबाळत बसले, कडंवर हेंची भाची. माकडं लई तिथं, म्हनून डब्यांकडं त्वांड करून बसले. मागं पानी पडायचा आवाज यायलाय आन मला वळून बघायला घावंना. मंग समदी आली, जेवली, निघाली. बघू म्हनलं पुढच्या साली. आता गुडघे पायऱ्या चढू देत न्हाईत." त्यांनी बोटानं भिंतीवरची माणसं मोजल्यासारखी केली. "हितं बसून भाजी निवडताना म्होरं नुसतं पानी दिसावं, एवढंच व्हतं मनात. तुमी तर समदं घर उभं केलंत तिथं. रोज बघते तर मला वाटायलंय, आता ह्यांचंबी च्यापानी मलाच बघावं लागतंय का काय."

सोमलिंगांनी मान खाली घातली. अप्पा उगाच पानाला चुना लावत बसले, एकाच पानाला कितीतरी वेळ.

"आन मी?" शेवटी अप्पांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. "मीबी नको का भिंतीवर?"

"तुमी हावच की म्होरं," दानम्मा म्हणाल्या. "जीता-जागता मानूस भिंतीवर कशाला?"

मोहनरावांनी वरच्या सगळ्या ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं, पाणी, चौदा फूट. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं, सह्या झाल्या. केदारनाथांनी सही करताना एक लांब उसासा टाकला. आईवडलांचे फोटो देवघरात लागतील असं ठरलं, ती त्यांची जागाच होती.

मग आठ दिवस ईश्वरी माणसं पुसत होती. पहिल्यांदा शटर गेलं, मग गॉगल. अप्पांच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवायची वेळ आली तेव्हा ते मागं येऊन उभे राहिले आणि "हळू गं पोरी," एवढंच म्हणाले. मधे एकदा दुकानातून येऊन त्यांनी सवयीनं "तेवढं एक" म्हणून सुरुवात केली. ईश्वरीनं ब्रश खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "न्हाई काका. यादीत न्हाई ते." अप्पा गडबडले. "आगं, तेवढं एक च्या घे म्हनायलतो," म्हणाले, आणि काढता पाय घेतला. हे "न्हाई" तोंडातून इतकं सहज निघालं याचं ईश्वरीलाच नवल वाटलं. शेवटच्या दिवशी तिनं खाली डाव्या कोपऱ्यात आपलं नाव घातलं, ठळक.

वास्तुशांतीला घर माणसांनी भरलं. पंगती उठत होत्या, पोरं जिन्यावर धावत होती. अप्पा एकेका पाहुण्याला हाताला धरून भिंतीपाशी नेत आणि पाण्याच्या मधोमध बोट ठेवून सांगत, "हितं खाली मी हाय. हे दिसतंय का? त्येच्यामागं भाऊ." पाहुणे वाकून बघत, काही दिसत नसे, आणि वा वा म्हणत.

ईश्वरी जेवून हात धुऊन आली तेव्हा दानम्मा बैठकीत पाट घेऊन बसल्या होत्या, सगळ्या घराकडं पाठ करून. हातात भाजी नव्हती, काहीच नव्हतं. स्वयंपाकघरातून हाक आली, "काकू, साखर कुठं ठिवलीय?" त्या हलल्या नाहीत. दुसरी हाक आली, तिसरी आली. लेक दारापर्यंत आली आणि आईची पाठ बघून तशीच थांबली. हे आपण काढलंय, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ती मागच्या भिंतीला टेकून नुसती बघत राहिली.

शेवटी महांतेशअप्पा स्वतः साखर शोधायला आत गेले. बराच वेळ डबे उघडण्याचे आणि पडण्याचे आवाज येत होते. दानम्मांनी मागं वळून बघितलं नाही.