राहेलबाईंच्या शालीखाली

मित्रांनो, शिरूरच्या एसटी स्टँडजवळ पप्पूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या टेबलाखाली एक पुठ्ठ्याचं खोकं आहे आणि त्या खोक्यात, तुटक्या कीबोर्डखाली, मी पडलोय. मी मदरबोर्ड. कॉम्प्युटर उघडला की आत जी पाटी दिसते, जिच्यावर बाकीचे सगळे भाग येऊन बसतात, ती पाटी म्हणजे मी. वय म्हणाल तर वर्षसुद्धा धड झालेलं नाही. आमच्यात एवढ्यात कुणी जुनं होत नाही. मी झालो, आणि कसा झालो ते सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही. गोष्ट चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही आणि आठवण्यासारखं काही घडलंही नसावं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते पप्पूच्या काउंटरवर, ब्लेसननं मला हातात घेतलं तेव्हा.

ब्लेसन रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याचे वडील दानिएल मास्तर वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई राहेलबाई, मिशनच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. नवरा गेलाय हेसुद्धा त्या विसरायच्या. ताट समोर आलं की हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहायच्या, कारण त्या घरात मास्तरांनी प्रार्थना म्हटल्याशिवाय बेचाळीस वर्षांत कुणी घास घेतला नव्हता. आता मास्तर कुठून येणार? सून स्वीटी समजावायची, आई, बाबा गेले. ते त्यांना दर वेळी नव्यानं कळायचं आणि दर वेळी त्या नव्यानं रडायच्या. शेवटी घरानं सांगायचंच सोडून दिलं. बाई मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या.

ब्लेसनकडे वडिलांचा एक व्हिडिओ होता, नाताळच्या जेवणाचा. मास्तर टेबलाशी बसलेत, डोळे मिटून प्रार्थना म्हणतात, मग डोळे उघडून समोर बघतात आणि म्हणतात, "राहेल, जेव आता." एवढंच. फोनवर तो दाखवला तर बाई फोन उलटा करून बघायच्या, मास्तर मागं कुठं गेले म्हणून. एवढासा नवरा त्यांना पटेना. मोठ्या टीव्हीवर मास्तर खऱ्या मापाचे दिसले असते, पण त्यांचा टीव्ही जुना, त्याला स्वतःहून काही लावता येत नव्हतं. म्हणून ब्लेसननं ठरवलं की टीव्हीखाली एक लहान कॉम्प्युटर बसवायचा. दुपारी एकला आणि संध्याकाळी साडेसातला तो आपोआप मास्तरांना समोर आणून बसवेल.

मित्रांनो, माणसं मुलीसाठी स्थळ बघतात ना, तसं त्यानं मदरबोर्ड बघितला. पंधरा दिवस कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तो फोनवर लोकांची मतं वाचत होता. एकाच बोर्डाबद्दल एक जण लिहायचा, डोळे झाकून घ्या. दुसरा लिहायचा, महिन्यात मेला. वाचून वाचून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्याच्या अटी साध्या होत्या. बोर्ड स्वस्तातला हवा. आवाज नको, कारण घरात कसलीही घरघर ऐकू आली की आई उठून दारं तपासत बसायच्या. वीज गेली आणि पुन्हा आली, तर कुणी बटण न दाबता सुरू व्हायला हवा. शिरूरच्या विजेचं तर तुम्हाला ठाऊकच आहे.

पप्पूनं काउंटरवर दोन बोर्ड मांडले. एक जाडजूड, पंखा लावलेला, दिसायला अगदी रांगडा. दुसरा मी. पप्पूचा कल त्या पंख्यावाल्याकडे होता. हा न थकता राबतो, असं तो म्हणाला. पण ब्लेसननं पंखा लावून बघितला, त्याची बारीक घूं घूं ऐकली आणि मान हलवली.

"मला लई भारी नको पप्पू," तो म्हणाला. "बंद न पडणारा दे. हा थांबला तर आई जेवायची थांबंल."

पप्पूनं मग मला उचललं. "मंग ह्यो घे. आवाज न्हाई, वीज बी कमी खातो. पण एक ध्यानात ठिव. पंखा न्हाई म्हंजी ह्याचा जीव उघड्या हवेवर हाय. वर काय टाकायचं न्हाई."

ब्लेसन हो म्हणाला. तो हो मी ऐकलाय.

मला जाळीच्या एका लहान पेटीत घालून टीव्हीखाली बसवलं आणि पहिल्या दुपारी एक वाजता मी मास्तरांना टीव्हीवर आणलं. राहेलबाई ताटासमोर बसल्या होत्या. मास्तरांनी डोळे मिटले तसे बाईंनीही मिटले. "हे प्रेमळ पित्या, या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो," असं मास्तर म्हणत गेले आणि बाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत गेले. आमेन झालं. राहेल, जेव आता. बाई म्हणाल्या, "हो, जेवते," आणि त्यांनी भाकरी मोडली. स्वीटी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. त्या दिवशी बाईंनी भाकरी आणि वाटीभर वरण संपवलं. ब्लेसननं कामावरून फोन करून विचारलं, तेव्हा स्वीटीनं भाकरीपासून वाटीपर्यंत सगळं दोनदा सांगितलं.

काय सांगू तुम्हाला त्या दिवसांचं! एकदा तर दुपारभरात सात वेळा वीज गेली आणि सातही वेळा मी आपला आपण उठलो. ब्लेसन येईल-जाईल त्याला माझं कौतुक सांगायचा. मला वाटायचं, जगात माझ्याइतका भरवशाचा कुणी नाही. लाज वाटते आता ते आठवून.

त्या घरात एक चाल होती. जी वस्तू मोलाची, तिच्यावर क्रोशाचा रुमाल. मिशनच्या बायकांकडून राहेलबाई लहानपणीच क्रोशा शिकल्या होत्या. टीव्ही, मिक्सर, पाण्याचा माठ, मास्तरांचं पवित्र शास्त्र, सगळ्यांना त्यांच्या हातचे रुमाल. घरातल्या घरात एवढा मान मिळालेली वस्तू उघडी कशी राहील? आजारात बाई माणसं विसरल्या, पण बोटं टाके विसरली नव्हती. महिनाभरात माझ्यावर पांढरा रुमाल आला. स्वीटी तो काढून ठेवायची, बाई पुन्हा घालायच्या. जाळीदार होता, त्यातून थोडी हवा यायची. मी सोसलं.

मग थंडी पडली. घोडनदीवरून वारा सुटला की त्या घराच्या फरश्या बर्फ होतात. एके दिवशी बाईंनी रुमाल सारखा करताना माझ्या पेटीवर हात ठेवला. मी काम करून तापलो होतो. बाईंनी हात तसाच ठेवला, बराच वेळ. माणसाच्या अंगाची ऊब ओळखतात तशी त्यांनी ती ओळखली. "इथं आहात होय," त्या हळूच म्हणाल्या. उठल्या, कपाटातली मास्तरांची तपकिरी लोकरी शाल काढली आणि मला पांघरली. चारी बाजूंनी खोचली. आपला माणूस गारठू नये म्हणून.

स्वीटीनं संध्याकाळी शाल काढली, तर बाई रडवेल्या झाल्या. बाहेर टाकताय का त्यांना, म्हणाल्या. स्वीटीनं ब्लेसनला पप्पूच्या बोलण्याची आठवण करून दिली. ब्लेसननं आईकडे बघितलं. बाई माझ्यावर हात ठेवून बसल्या होत्या आणि चेहरा असा निवांत होता की तसा त्यानं दोन वर्षांत पाहिला नव्हता. "राहू दे," तो म्हणाला. "थंडी संपली की काढू." मी त्याला दोष देत नाही. तुम्ही तरी ती शाल ओढली असती का?

पण मी आत भाजत होतो. आम्हाला बोलता येत नाही, फार तर अडखळता येतं. मी अडखळलो. मास्तरांचा आवाज तुटायला लागला. दोनदा मी मुद्दाम बंद झालो, आतली आग विझावी म्हणून, आणि दोन्ही वेळा घाबऱ्या घाबऱ्या स्वीटीनं बटण दाबलं. ताट वाढलेलं होतं, ती तरी काय करणार! मीही उठलो. मी उठायला नको होतं. तेव्हाच हटून बसलो असतो तर मला पप्पूकडे नेलं असतं, त्यानं ओळखलं असतं.

जानेवारीतल्या एका दुपारी मास्तरांनी डोळे मिटले, हे प्रेमळ पित्या म्हटलं, आणि माझ्या अंगावरची वीज मोजून देणारी चिप जळाली. पडदा काळा झाला. व्हिडिओ शेजारच्या डिस्कवर जसाच्या तसा होता, माझ्यापासून वीतभर अंतरावर. त्याला उठवणारा मीच उरलो नव्हतो.

बाई डोळे मिटून थांबल्या होत्या. आमेन येईना. त्यांनी डोळे उघडले. स्वीटीनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, वायर काढून लावली, मग फोनवर व्हिडिओ लावून पुढं धरला. बाईंनी फोन बाजूला सारला. सुट्टी असल्यामुळे ब्लेसन घरीच होता. स्वीटी त्याला म्हणाली, तुम्ही म्हणा की हो प्रार्थना. त्यानं हात जोडले, पण "हे प्रेमळ पित्या"च्या पुढं त्याची गाडी जाईना. घरात प्रार्थना म्हणणं हे वडिलांचं काम, त्यानं ती आयुष्यात मोठ्यानं कधी म्हटलीच नव्हती.

बाई उठून माझ्याजवळ आल्या. शालीखाली हात घातला. मी निवत चाललो होतो. त्या हात ठेवून बसल्या, मी पूर्ण गार होईपर्यंत बसल्या. मग वळून मुलाला म्हणाल्या, "गेले रे. चर्चच्या पाळकसाहेबांना बोलाव."

त्या रडण्याबद्दल मी काही सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी ब्लेसननं पप्पूकडून तो पंख्यावाला बोर्ड आणून बसवला. मला त्यांनी टीव्हीखालच्या कप्प्यातच टाकलं होतं, म्हणून मला सगळं कळलं. एक वाजता मास्तर आले. प्रार्थना एकदाही तुटली नाही. राहेल, जेव आता. बाई टक लावून बघत होत्या. एवढं सगळं विसरलेल्या त्या बाई, पण हे काही विसरल्या नव्हत्या. माझा गार पडलेला स्पर्श त्यांच्या हाताच्या लक्षात राहिला होता.

"मेलेल्या माणसाला का बोलायला लावतोस, ब्लेसन?" त्यांनी विचारलं. "तुला प्रार्थना येत नाही का? मी शिकवली होती तुला."

ब्लेसननं उठून टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवसापासून तो पाळी बदलून घेऊन दुपारी आईजवळ बसायला लागला. चुकत चुकत प्रार्थना म्हणायचा. बाई त्याला मधे मधे शब्द पुरवायच्या, आमेन म्हणायच्या आणि घास हातात धरून बसायच्या. घास तोंडात गेला तरी गिळला जात नव्हता. पंख्यावाला बोर्ड अगदी ठणठणीत होता आणि कुणालाच नको होता. फेब्रुवारी सरायच्या आत राहेलबाई गेल्या. मुलाच्या तोंडची प्रार्थना त्यांना जेमतेम तीन आठवडे ऐकायला मिळाली.

महिन्याभरानं ब्लेसन मला पिशवीत घालून इथं घेऊन आला. पप्पूनं मला भिंगाखाली धरलं आणि विचारलं, वर काय टाकलं हुतं का? ब्लेसन म्हणाला, "न्हाई. धूळ बसली आसंल." आईचं नाव त्यानं येऊ दिलं नाही. पप्पूनं मला खोक्यात टाकलं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना मोकळी हवा द्या, हे तर खरंच. पण तेवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नाही. मी चांगला बोर्ड होतो, आजही म्हणेन. पण माझ्यावर सोपवलेलं काम मदरबोर्डाचं नव्हतंच. ते घरच्या माणसाचं होतं, आणि घरच्या माणसाला ते येत होतं, फक्त त्यानं करून बघितलं नव्हतं. तुमच्या घरी ताटासमोर कुणी असं थांबून बसत असेल, तर त्यांच्याजवळ तुम्ही बसा. चुकलात तरी चालेल, ते सांगतील.