मावशींच्या डोक्याखालचं जॅकेट

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे, मित्रांनो. एके काळी झेंडूसारखा नारिंगी होतो, आता धुऊन धुऊन विटलोय. आणि स्वभावाने पहिल्यापासून घाबरट. हसू नका. बाकीच्या वस्तूंना वाटतं, आपला उपयोग व्हावा. मला वाटायचं, माझ्यावर ती वेळच येऊ नये. आणि आलीच तर माझ्याकडून निभेल ना, हा घोर मला जन्मापासून लागलेला.

जन्म कारखान्यातला. जाडजूड फोमच्या पट्ट्या, त्यावर शिवलेलं कापड, कमरेला पट्टा आणि खांद्याशी एक शिट्टी. पहिल्याच दिवशी मला वजन बांधून पाण्याच्या हौदात सोडलं. मी बुडालो नाही. तपासणाऱ्या बाईंनी पाठीवर थाप मारली आणि पोटावर ठळक अक्षरं छापली : यावर बसू नये, याची उशी करू नये. आमचा सगळा जीव त्या फोममध्ये असतो. तो दबून बसला की तरंगण्याची ताकद गेली.

मग मी एका मालवाहू जहाजावर आलो. तिथे प्रवाशांसाठी दोनच खोल्या होत्या. त्यातल्या एका खोलीच्या कपाटात मी आणि माझा एक भाऊ शेजारी शेजारी टांगलेले. प्रवासी पहिल्या दिवशी सरावापुरते आम्हाला गळ्यात घालायचे, फोटो काढायचे आणि परत टांगायचे. वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला त्याचं दुःख नव्हतं, उलट बरंच वाटायचं.

आणि मग मावशी आणि काका आले. ही नावं खलाशांनी दिलेली. मावशी शिवणकाम करायच्या. त्यांच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून डॉक्टरांनी विमानात बसायला सक्त मनाई केली होती. समुद्रापलीकडे त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, घरात मोठं माणूस कुणी नाही. विमानाने एका दिवसाचा रस्ता, जहाजाने तीन आठवड्यांचा. तुम्ही तरी विमानाने पुढे जा, असं मावशींनी नवऱ्याला परोपरीने सांगितलं होतं. काका म्हणाले होते, मी एकटा जाऊन काय दिवे लावणार, मला साधं बाळ धरता येत नाही.

मावशींना पाण्याची भयंकर धास्ती. पहिल्याच संध्याकाळी जहाज जरा डोलायला लागलं आणि त्यांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. माझी शिलाई बोटांनी चाचपली. खांद्याशी एक टाका उसवला होता, तो लगेच घातला. "काम चांगलं केलंय कुणीतरी," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी कौतुकाचा शब्द कानावर पडला, मी विरघळलो. मग त्यांनी मला अंथरुणावर ठेवलं आणि माझ्यावर डोकं टेकलं.

काकांनी विचारलं, ही काय नवी उशी? मावशी म्हणाल्या, वेळ काय सांगून येते, हाताशी असलेलं बरं.

माझ्या पोटावरच्या सूचनेवरच त्यांचं डोकं होतं. ती वाचणार कोण?

रात्री डोकं, दिवसा बैठक. खिडकीपाशी मला खाली घेऊन त्या बाळाची झबली शिवायच्या. शिवता शिवता मध्येच थांबायच्या. जहाजाच्या फोनवर मुलगी विचारायची, डॉक्टर म्हणतात कधीही होईल, आई तू कुठवर आलीस? सगळीकडे पाणीच पाणी, कुठवर आले ते काय सांगणार? फोन ठेवला की मला छातीशी घट्ट आवळायच्या. माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. इतकी माया मला कुणी केली नव्हती, आणि त्या मायेनेच मी रोज थोडा थोडा चपटा होत होतो. सकाळी अंग फुगवून पाहायचो. फुगायचं नाही. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

एका दुपारी जेवणं चालू असताना घंटा वाजली. सराव नव्हता. इंजिनघरातून काळा धूर येत होता. सगळे धावत डेकवर जमले. मावशींनी मला घातलं, काकांनी माझ्या भावाला. जीव वाचवायची छोटी बोट पाण्यात सोडण्याची तयारी सुरू झाली. खलाशांचा मुकादम प्रत्येकाचे पट्टे ओढून बघत होता. मावशींपाशी येऊन त्याने मला दाबलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"मावशी, यात जीव राहिला नाही. कुणी दाबून ठेवलं होतं?"

जादा जॅकेटांची पेटी धुराच्या पलीकडे होती. तो ती आणायला पळाला. काकांनी आपलं जॅकेट उतरवलं.

"हे घाल. ते मला दे."

"आणि तुम्ही?"

"मला पोहता येतं."

मावशी कधी नवऱ्याबरोबर पाण्यात उतरल्या नव्हत्या. त्यांनी विश्वास ठेवला. पण काकांची छाती माझ्या आत नुसती धडधडत होती. पोहता येणाऱ्याची छाती अशी धडधडत नाही. मित्रांनो, ज्या घटकेला मी जन्मभर भ्यालो ती आली होती, आणि मी त्या माणसाला फसवत होतो.

मुकादम पेटी घेऊन परत येईपर्यंत धूर विरायला लागला होता. आग विझली. कुणालाही पाण्यात उतरावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने मला वजन बांधून पाण्याच्या टाकीत सोडलं, जन्माच्या दिवशी सोडलं होतं तसंच. मी जिवाच्या आकांताने वर राहायला बघितलं. हळूहळू तळाला गेलो. मावशी बघत होत्या. काका म्हणाले, "मला पोहता येत नाही गं. तसं सांगितलं असतं तर तू ते चपटं जॅकेट मला दिलं असतंस का?" मावशी तोंडाला पदर लावून रडल्या.

किनारा दिसायच्या आधीच नात झाल्याचा फोन आला. मावशी उशिरा पोहोचल्या, पण दोघं पोहोचली.

चुकून कुणी घालू नये म्हणून मुकादमाने माझे पट्टे कापून टाकले. आता मी रंगाच्या कोठीत असतो. गंज खरवडताना तो मला गुडघ्याखाली घेतो. मी आता खरोखरच उशी आहे, खुशाल दाबा. पण माझे भाऊबंद अजून कपाटांत टांगलेले आहेत. त्यांच्यावर माया करायची असेल तर त्यांच्या पोटावरचं वाचा आणि त्यांना मोकळं लटकू द्या.

उतरण्याआधी मावशींनी झबल्याच्या उरलेल्या कापडावर लाल दोऱ्याने अक्षरं भरली आणि तो तुकडा कपाटातल्या दांडीला शिवून टाकला. मुकादम येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला तो दाखवतो. त्यावर लिहिलंय : "यावर डोकं ठेवू नका. माझ्या माणसाचा जीव थोडक्यात वाचला."