रिकाम्या घराचं मीटर

"अण्णा, तुमच्या भुतांची ड्यूटी किती वाजता सुरू होते?" नीलावहिनींनी विचारलं आणि सगळी मंडळी खो-खो हसली.

"साडेसहाला," मी म्हणालो. "आमच्या पेटेतली भुतं वेळेवर येतात. तुमच्या मंडळासारखी नाहीत."

पुन्हा हशा. अवेन्यू रोडच्या तोंडाशी आम्ही अकरा जण उभे होतो. डिसेंबरातली अवस होती, थंडी मफलरमधून आत शिरत होती. साल एकसष्ट. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरींनी, म्हणजे विमान कारखान्यातल्या विद्याधर इंजिनियरांनी, ही टूम काढली होती. व्यंकोजीअण्णांनी जुन्या पेटेतून, म्हणजे बाजाराच्या गल्ल्यांतून, फिरवायचं, जागोजागी थांबून भुताच्या गोष्टी सांगायच्या, शेवटी सगळ्यांनी डोसा खायचा. नीलावहिनी त्यांचंच कुटुंब.

व्यंकोजीअण्णा म्हणजे मीच. वीज खात्यात मीटर रीडर, सव्वीस वर्षं. आमचं घराणं इथलंच, घरात मराठी, गल्लीत कन्नड. मीटर वाचणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतो हो? "मीटर, अम्मा!" म्हणून ओरडायचं, कुत्र्याला चुकवायचं, आकडा लिहायचा, चालू पडायचं. मंडळात गेलो तर पुण्या-मुंबईची ही शिकलेली मंडळी माझ्या कन्नड वळणाच्या 'स्वल्प थांबा'ला हसायची. मग एका कोजागरीला मी भुताची गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून मला खुर्ची मिळायला लागली, चहा आधी मिळायला लागला. मीटरवाल्याचा अण्णा झाला. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागलं.

आणि तिथेच माती खाल्ली.

माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट होती कब्बनपेटेतल्या रिकाम्या घराची. दाराला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, आत चिटपाखरू नाही, पण बाहेरच्या ओट्यावरच्या मीटरचं चक्र संध्याकाळी फिरतं. फिरतं म्हणजे खरंच फिरतं! त्यातलं एवढं मी रचलेलं नव्हतं.

कारण ते घर रिकामं नव्हतं. पन्नास साली मी तिथे आकडा घ्यायला गेलो, तेव्हा घरमालक वारून दोन महिने झाले होते. तरी चक्र फिरताना दिसलं. दार वाजवलं. खूप वेळानं ते चार बोटं उघडलं आणि आत एक बाई दिसली, हातात रेशमाची कांडी. मालकाची बहीण, अहल्या. धारवाडकडे दिलेली होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून पाच-सहा वर्षांपूर्वी एका पहाटे ती भावाकडे पळून आली. पाच वर्षांचं पोर सासूनं कुशीत दाबून धरलेलं, ते मागेच राहिलं. सासरच्यांनी अब्रूपायी नदीकाठी तिचं लुगडं सापडल्याचं सांगितलं आणि तिचे दिवस घालून मोकळे झाले. भाऊ गेल्यावर तिनं पुढचं दार लावून घेतलं ते कायमचं. मागच्या अंगणापलीकडे राहणारी विठाबाई रेशीम आणून द्यायची, भरलेल्या कांड्या विणकरांकडे पोचवायची. एका दिव्याखाली ही बाई कांड्या भरत बसायची, आणि त्या दिव्यापुरतं चक्र फिरायचं.

"मी मेलेलीच आहे, अण्णा," ती म्हणाली होती. "मेलेल्या आईच्या मुलाला उद्या मुलगी तरी मिळेल. पळून गेलेल्या बाईच्या मुलाला कोण देणार? कुणी विचारलं तर सांगा, इथे भूत आहे." बनशंकरीची शपथ घातली तिनं मला. अकरा वर्षं मी ती पाळली. पण गोष्टीला रंग भरायच्या नादात मी एक चोरी केली. एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं होतं, की पोर सारखं डोळे मोठे करून बघायचं म्हणून ती त्याला टकमक्या म्हणायची. मी ते उचललं आणि भुताच्या तोंडी घातलं. भूत दाराआडून हाक मारतं, "ए टकमक्या!" गेल्या गणपतीत मंडळात हे सांगितलं तेव्हा बायका किंचाळल्या होत्या. मला काय आनंद झाला होता तेव्हा! आता आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

म्हणून आज मी ठरवून आलो होतो, की त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. रेशमाच्या वखारीपाशी बिनडोक्याचा शिपाई सांगितला. पिंपळाखालच्या नागांच्या दगडांपाशी पैंजणवाली सांगितली. नीलावहिनींनी नवऱ्याचा दंड सोडला नाही. सगळं छान चाललं होतं.

"सरी," मी कन्नडात म्हणालो आणि हात झटकले. "झालं. आता डोसा."

"झालं कसं?" मागून आवाज आला. "चक्राचं घर राहिलं ना."

बोलणारा उमाकांत होता. हुबळीकडचा पोरगा, कारखान्यात नुकताच लागलेला, गणपतीपासून मंडळात येणारा, सगळ्यांत कमी बोलणारा.

"हो की!" नीलावहिनी म्हणाल्या. "अहो, मी त्याच्यासाठीच तर आले!"

"ते घर पाडलं, वहिनी," मी दडपून सांगितलं.

"नाही पाडलं," उमाकांत म्हणाला. "मी कालच बघून आलो. दुपार होती, चक्र बंद होतं."

अय्यो देवा! पण विद्याधर बॅटरी घेऊन पुढे निघालेसुद्धा, आणि त्यांच्यामागे सगळी वरात. मी उगाच लांबच्या रस्त्यानं नेलं. वाटेत दोन भुतं जागेवर तयार करून सांगितली, एकाचंही धड जमलं नाही. उमाकांत माझ्या बरोबरीनं चालत होता.

"अण्णा, ते नाव तुम्हाला कुठे मिळालं? टकमक्या."

"सुचलं. गोष्टी सांगणाऱ्याला काय, काहीही सुचतं."

"मला माझी आई त्या नावानं हाक मारायची," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बाकी कुणाला ते माहीत नाही. आजीला असली लाडाची नावं आवडायची नाहीत, म्हणून आई कानात म्हणायची. मी पाच वर्षांचा होतो तेव्हा ती नदीत गेली, असं मला सांगितलंय. मी दर वर्षी तिचं श्राद्ध करतो."

त्याच्याकडे बघायची हिंमत होईना. तेच डोळे होते, मोठे, न मिटणारे. एका बाजूला शपथ, एका बाजूला हा. कळवळून सांगावंसं वाटलं, बाबा रे, आहे ती, जिवंत आहे. पण तिच्या जन्माचा सौदा मी रस्त्यात उभं राहून कसा मोडणार?

"कोयिन्सिडन्स असेल," मी मंडळींच्या इंग्रजीत म्हणालो.

गल्लीत शिरल्यावर सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. घर तसंच होतं, काळंभोर दार, बंद खिडक्या, ओटा. वर लाकडी पेटीत मीटर. विद्याधरांनी बॅटरी मारली. काचेआड चक्र फिरत होतं. एका दिव्याचं चक्र ते, सावकाश. कडेची काळी खूण दिसायची, सरकत सरकत मागे जायची, मिनिटभरानं पुन्हा यायची.

"आई गं," कुणीतरी म्हणालं.

"लीकेज असणार," विद्याधर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी गोष्ट सुरू केली ती जवळजवळ ओरडून. आत ऐकू जावं, तिनं सावध व्हावं, दिवा घालवावा, एवढाच हेतू. पण घराच्या मागच्या खोलीत ती कांड्यांच्या घरघरीत असणार. चक्र फिरतच राहिलं. मी कशीबशी गोष्ट गुंडाळली.

"आणि हाक?" नीलावहिनींनी पकडलंच. "अण्णा, हाक विसरलात!"

"हाक! हाक!" सगळे म्हणायला लागले, इतक्या मोठ्यानं की आतली घरघर थांबली असावी.

ते नाव या दारासमोर माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. तेवढ्यात उमाकांत ओट्यावर चढला, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि साध्या आवाजात म्हणाला, "टकमक्या आलाय."

बॅटरीच्या उजेडात आम्ही सगळ्यांनी पाहिलं. चक्र मंद झालं आणि थांबलं.

नीलावहिनी किंचाळल्या. दोघी-तिघी गल्लीच्या तोंडाकडे पळाल्या. विद्याधर मात्र पळाले नाहीत. ते इंजिनियर होते.

"एक मिनिट," ते म्हणाले. "हे भूत-बित काही नाही. आत कुणीतरी आहे आणि त्यानं आत्ता स्विच ऑफ केलाय. बंद घरात चोरून राहतंय कोणीतरी. पोलीस चौकी कुठेय इथे?"

"अहो, जाऊ द्या ना," मी म्हणालो.

"जाऊ द्या काय? उमाकांत, बाजूला हो. दार ठोकू या."

त्यांनी हात उचललाही. आणि मला एकदम दिसलं, दार फोडलंय, गल्ली जमलीय, आणि अकरा वर्षं लपलेली ती बाई कंदिलांच्या उजेडात लुगड्याचा पदर डोक्यावर ओढतेय. पोराच्या देखत.

"ठोकू नका!" मी म्हणालो. "आत कुणी नाही. मी केलं ते."

"म्हणजे?"

"लोहचुंबक." मी खिशात हात घातला आणि रुमालाची पुरचुंडी मुठीत धरून दाखवली. "पेटीच्या मागून धरला की चक्र थांबतं. फिरतं ते जुन्या वायरिंगच्या गळतीनं. बाकी सगळं बंडल. तुम्हाला घाबरवायला."

बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर होता.

"आणि गणपतीत सांगितलंत ते? हाक वगैरे?" विद्याधरांनी विचारलं.

"तेही बंडल."

"कमाल आहे. वीज खात्याचा माणूस असून मीटरला चुंबक लावता? शोभतं का हो तुम्हाला?"

"नाही शोभत," मी म्हणालो.

"मला तर किती खरं वाटलं होतं," नीलावहिनी गल्लीच्या तोंडाशी म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, हिरमुसल्या होत्या. ते जास्त लागलं. "चला हो, थंडी वाजतेय."

मंडळी गेली. डोशाला कुणी मला बोलावलं नाही. वळणावर कुणीतरी 'मीटरवाला' म्हणालं आणि बाकीचे हसले, ते मला स्वच्छ ऐकू आलं. सहा वर्षांत मिळवलेला अण्णा तेवढ्या वेळात संपला.

उमाकांत ओट्यावरच बसला होता.

"रुमाल दाखवा," तो म्हणाला.

मी मूठ उघडली. त्यात तपकिरीची डबी होती. त्यानं ती पाहिली आणि मान खाली घातली. मी अजूनही एक शब्द बोललो नव्हतो. शपथ मोडली नव्हती. पण खरं सांगतो, तेव्हा मला शपथेचा राग आला.

तो वळला. दाराला टेकून, आत कुणी मांडीशी बसलंय अशा आवाजात बोलायला लागला.

"मी काही विचारायला आलेलो नाही. का गेलीस, ते मला आता कळतं. बाबांचा मार मीही खाल्लाय. ते गेले, आजीही गेली. लग्नाबिग्नाचं कुणी अडवणारं नाही." तो थांबला. "फक्त एक सांग. तुझं श्राद्ध वीस दिवसांवर आलंय. करू, का नको?"

आत काही हललं नाही. मी खिशातली माझी छोटी बॅटरी काढली आणि मीटरवर धरली. सव्वीस वर्षांची सवय, दुसरं काय? चक्र थांबलेलंच होतं. काळी खूण मागे कुठेतरी अडकलेली, दिसतसुद्धा नव्हती. मी मनात बनशंकरीला म्हणालो, आई, मी तोंड उघडलं नाही, आता तू बघ.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. उमाकांत उठायला लागला. चपलेत पाय घातला.

"बस," मी म्हणालो. "स्वल्प थांब."

चक्राची कड थरथरल्यासारखी वाटली. मी काचेला नाक लावलं. भास नव्हता. कड सरकत होती. मग डावीकडून काळी खूण आली, हळूहळू मधोमध आली, पुढे गेली.

"फिरतंय," मी म्हणालो. "पोरा, फिरतंय रे!"

दाराखालच्या फटीतून उजेडाची एक रेघ ओट्यावर पडली. उमाकांतनं चप्पल काढली आणि त्या रेघेशी जाऊन बसला. दारापर्यंत येणारी पावलं ऐकू आली, मग ती थांबली.

पुढचं माझ्या कामाचं नव्हतं. मी ओट्यावरून उतरलो आणि चालायला लागलो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागून कडीचा आवाज आला, गंजलेल्या कडीचा, दोन-तीन झटक्यांत निघणारा. मी वळून पाहिलं नाही.

कोपऱ्यावरचा पानवाला खोक्यातून मान बाहेर काढून गल्लीत बघत होता. तिथल्या उजेडाकडे बोट करत त्यानं विचारलं, "अण्णा, काय गडबड आहे तिकडे?"

"काही नाही," मी म्हणालो. "मीटर बघायला आलो होतो."