जीवराम नानांची जागा

देवाचं बोलावणं सगळ्यांना येतं, मलाच तेवढं येत नव्हतं, याचा मला भयंकर राग होता.

आमच्या पारोळ्याच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वर्षातून एकदा मेळावा भरतो. धुळ्याहून, अमळनेरहून ख्रिस्ती माणसं येतात, मांडव पडतो आणि जेवणाआधी साक्षी होतात. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बोलावलं, कशासाठी निवडलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. कुंदाबाईला तापात पांढऱ्या झग्यातला प्रभू दिसला होता. तो झगा दरवर्षी आणखी थोडा पांढरा होतो, पण दिसला हे खरं. मोतीलाल मास्तरांना शाळेच्या व्हरांड्यात बायबलातलं वचन मिळालं आणि तेव्हापासून ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, झाले. मी मागच्या ओळीत बसून चटईच्या काड्या उपसायची.

मी रत्ना. बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नाशिकला तिच्या संसारात आहे. मशीन चालवता चालवता मी प्रभूशी भांडायची. ‘मला नुसते ब्लाऊज शिवायलाच जन्माला घातलंस का? तसं असेल तर तसं सांग, म्हणजे मी वाट बघायचं सोडते.’ पाळक, म्हणजे आमचे पाद्रीबाबा, धुळ्याहून दर रविवारी यायचे, त्यांना विचारलं की म्हणायचे, “रत्नाताई, धीर धरा.” अहो, लग्नसराईतसुद्धा मी गिऱ्हाइकाला तारीख देते. मला तर देवाने तारीखही दिली नव्हती.

जीवराम नाना माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायचे. आमच्यात कुणी गेलं की कबर नाना खणायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं; बातमी कळली की ते कुदळ खांद्यावर टाकून निघायचे. बायको गेली, रूथबाई, तेव्हा तिचीही त्यांनीच खणली आणि दुसऱ्या कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. मग त्यांचे गुडघे गेले. मी भाकरी द्यायला गेले की म्हणायचे, “रत्ना, माले आठेच ठेवज्यात, तिन्हा शेजारे. दुसरं काही नही.” मी म्हणायची, “आधी भाकर खा नाना.”

मे महिन्यात एका पहाटे नाना झोपेतच गेले. मी पुण्याला त्यांच्या मुलाला, दीपकला, फोन लावला. तो रडला. मग जरा सावरून म्हणाला, “अक्का, पारोळ्यात आता आहे कोण? नानांना धुळ्याला न्या. तिथं मोठं कब्रस्थान आहे, माणसं आहेत, सगळी सोय आहे. मी थेट तिकडेच येतो.”

“नानांनी इथंच म्हणून सांगितलंय.”

“हो, पण कबर कोण खणणार?”

मी मान वर करून बघितलं. नानांच्या उशाशी मोतीलाल मास्तर बसले होते, छातीचं ऑपरेशन झालेले. त्यांच्या शेजारी कुंदाबाई डोळे पुसत होती. आमची तरणी पोरं सगळी सुरतेला, नाशिकला, पुण्याला. मंडळीत उरलेले पुरुष काठी टेकत येणारे.

“मी,” मी म्हणाले.

माझी जीभ कायम माझ्या दोन पावलं पुढे चालते, आणि मग मला धावत जाऊन तिला गाठावं लागतं. पलीकडून दीपक म्हणाला, “पाळक धुळ्याहून शवपेटी घेऊन निघतील. दुपारी आम्ही सगळे पोचतो. तोपर्यंत कबर तयार नसेल तर मी नानांना धुळ्याला घेऊन जाणार. मग वाद घालायचा नाही.”

“नाही घालणार,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर पहिलं काम केलं ते मजूर शोधायचं. मी काही वेडी नाही. चौकात कामाची वाट बघत दोघं उभे होते. काम ऐकलं आणि त्यातला एक दोन पावलं मागे सरकला. “बाई, इहीर सांगा, खंदी देसूत. हाई काम नही.” दोघांचे चेहरे असे उतरले की मला रागावताही येईना. जेसीबीवाल्याने कब्रस्थानाचं फाटक बघितलं, मग मधल्या कबरी बघितल्या आणि मान हलवली. मी घरी येऊन नानांचीच कुदळ आणि फावडं काढलं.

मोतीलाल मास्तर दारात आडवे आले. “रत्ना, आपल्यात बायका कबर खणत नसतात.”

“कुठल्या अध्यायात लिहिलंय, मास्तर?”

“लिहिलेलं नाही. पण तशी रीत आहे.”

“रविवारी पहाटे प्रभूच्या कबरेकडे कोण गेलं होतं? बायाच गेल्या होत्या. पुरुष कुठं होते? दारं लावून घरात बसले होते.”

मास्तर बाजूला झाले. पटलं म्हणून नव्हे, पण आयुष्यभर ते वचन त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. कुंदाबाई मात्र रस्ताभर माझ्या मागे बडबडत आली. “तुले काय याड लागनं का? हाई काय बायासनं काम शे?”

“मंग कोनं शे? सांग.”

फाटकाशी आल्यावर तिने लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, “दे ते फावडं.”

मे महिन्यातली आमची काळी माती कुणी हाताळली नसेल त्याला सांगून कळणार नाही. वरून तडे गेलेले असतात, बघणाऱ्याला वाटतं चला, निम्मं काम झालं. कुदळ मारली की ठण्ण करून परत येते. पहिल्या घावाला माझे खांदे कानापर्यंत झिणझिणले. ऊन चढायला लागलं. रूथबाईच्या कबरेला लागून, डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे प्रभू परत येईल त्या दिवशी उठतील तेव्हा तोंड उगवतीकडे असेल, अशी मी जागा आखली होती. आखली अगदी नेटकी. गळ्यात टेप असतोच माझ्या. सकाळी नानांना शेवटचा पांढरा सदरा शिवायला त्यांचं माप घेतलं होतं, तेच माप जमिनीवर उतरवलं आणि सगळीकडून थोडं सैल सोडलं.

गुडघाभर खणलं तोवर माझ्या तळहातांना फोड आले होते आणि कुंदाबाई कडुनिंबाखाली बसून धापा टाकत होती. मला रडू आलं. नानांसाठी नव्हे, खोटं कशाला सांगू, स्वतःसाठी आलं. बोलून बसले होते आणि निभत नव्हतं. दुपारी नानांना गाडीत घालून नेतील आणि रूथबाईच्या शेजारी हा अर्धा खड्डा राहील, या विचाराने मी फोडांसकट पुन्हा दांडा धरला. इतक्यात फाटक वाजलं. शेजारची संघमित्रा, अंगणवाडीतली, पाण्याची कळशी आणि घरचा टिकाव घेऊन आली होती. ती बौद्ध आहे, आमच्या मंडळीशी तिचा संबंध नाताळच्या करंज्यांपुरता. “तू एकटी कितलं खंदशी? सरक,” ती म्हणाली आणि उतरली.

मग आम्ही पाळी लावली. एकीने फोडायचं, दुसरीने उपसायचं, तिसरीने बसून दम खायचा. काळी माती संपून मुरूम लागला तेव्हा कुंदाबाईने “हालेलुया” म्हणून टाळी वाजवली आणि संघमित्रानेही वाजवली. गाड्यांचा आवाज आला तेव्हा खड्डा माझ्या खांद्यापर्यंत खोल होता, कडा सरळ, तळ सपाट. मला इतका आनंद झाला की मी मातीच्या तोंडानेच हसत वर आले.

धुळ्याची माणसं आली, पाळक आले, दीपक आला. कडेला उभं राहून त्याने आत बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं. गीत झालं, वचन झालं, प्रार्थना झाली. चौघांनी दोर धरून शवपेटी खाली सोडली आणि ती कबरेच्या तोंडाशीच अडकली.

पायाकडची बाजू थोडी आत, डोक्याकडची बाजू वर. कुणीतरी हलकेच दाबून बघितलं. पेटीच्या पितळी कड्या मातीत रुतल्या. मी माप घेतलं होतं ते नानांचं. पेटी घालून नाना केवढे होतील हा विचारच डोक्यात आला नव्हता. उभ्या जन्मात अंगाला बसेल असं शिवलं, तीच सवय नडली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मोतीलाल मास्तर खाली बघत होते. दीपकचा चेहरा लाल झाला. “म्हणूनच मी म्हणत होतो, अक्का. म्हणूनच धुळ्याला म्हणत होतो.” तो ओरडला नाही, आणि ते जास्त लागलं. पाळक त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “अजून उजेड आहे. गाडी उभी आहे. आपण न्यायचं ठरवलं तर...”

“पेटी वर घ्या,” मी म्हणाले. “बाजूला ठेवा. आणि गीत म्हणा.”

“कुठलं गीत?” पाळकांनी विचारलं.

“लांबलचक असेल ते कुठलंही म्हणा.”

मी उतरले. दीपकही पँट वर करून कडेला बसला, आत उडी मारायच्या बेताने. “द्या अक्का, मी करतो. तुमच्या हातातून रक्त येतंय.”

“तू मुलगा आहेस. तू माती लोटायची,” मी म्हणाले. “हे काम माझं आहे.”

बोलल्यावर मीच दचकले. पुन्हा जीभ पुढे गेली होती, पण या वेळी तिच्या मागे धावायची गरज वाटली नाही, कारण मी तिथंच उभी होते. जमिनीखाली होते, वर आभाळाचा एक तुकडा, कडेने लोकांच्या चपला आणि गाण्याचा आवाज. मला भीती वाटली नाही. अशा जागेत माझ्याआधी प्रभू उतरलेला आहे, माझ्याआधी कितीदा तरी नाना उतरलेले आहेत. शेवटच्या घरी जाणाऱ्याची जागा नीट करून द्यायची, एवढंच काम. ते साक्षीत सांगण्याजोगं नाही, झग्यासारखं उजळही नाही. पण ते कुणीतरी करायला हवं, आणि ते मला करावंसं वाटत होतं. मी डावी कड तासली, मग उजवी. संघमित्राने वरून फावडं खाली घालून माती उपसली. गीत दुसऱ्यांदा सुरू झालं.

या वेळी मी दोर धरणाऱ्यांना थांबवून आधी पेटीला टेप लावला. स्वतः मोजली, कड्यांसकट. पेटी अलगद आत गेली. दीपकने पहिली मूठ टाकली आणि तो कडेलाच बसला. मोतीलाल मास्तरांनी, छातीचं ऑपरेशन विसरून, फावडं घेतलं. “मास्तर, ठेवा ते,” मी खेकसले. त्यांनी ऐकलं नाही, दोन फावडी ओढून मगच ठेवलं. अंधार पडायच्या आत नाना रूथबाईच्या शेजारी होते.

दीपक जाताना नानांची कुदळ घेऊन जातो की काय असं मला वाटलं. वडिलांची वस्तू, त्याचा हक्क होता. त्याने ती माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाला, “अक्का, मला राग आला होता.”

“मलाही येतो,” मी म्हणाले. “चहा घेऊन जा.”

हात बरे व्हायला पुष्कळ दिवस लागले. सुई धरता येईना, गिऱ्हाइकं बोलून गेली. मी प्रभूशी भांडायचं सोडलं असं मात्र नाही. विषय तेवढा बदलला. आता मी त्याला म्हणते, मे महिन्यात नको नेऊस माणसं, श्रावणात ने, माती मऊ असते. तो काही ऐकत नाही.

तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली असताना पाचोऱ्याहून फोन आला. तिथल्या मंडळीतली एक म्हातारी गेली होती आणि तिच्या घरातही खणायला कुणी उरलं नव्हतं. माझ्यापुढे एका नवरीचे ब्लाऊज पडले होते आणि नवरीची आई समोरच्या स्टुलावर बसून होती. मी मशीनवर कापड टाकलं. ती बाई ओरडली, “अहो, परवा लग्न आहे!” म्हटलं, “उद्या रात्री देते,” आणि कुंदाबाईला नि संघमित्राला हाक मारून एसटी पकडली. कुदळ बघून कंडक्टरने तोंड वाकडं केलं. कुंदाबाईने त्याला असं काही सुनावलं की पुढच्या सीटवरच्या दोघांनी उठून आम्हाला जागा दिली.

पाचोऱ्यात फाटकापाशी म्हातारीचा नातू उभा होता. त्याने तीन बायका बघितल्या, आमच्या खांद्यांवरची अवजारं बघितली आणि गोंधळून विचारलं, “आपण कोण?”

“मी रत्ना, पारोळ्याची,” मी म्हणाले. “कबर खणते. आधी आजीची पेटी दाखव, मग जागा.”